हास्केरवरचा धूर

सलग दोन रविवार हास्केर बेटावरून धूर दिसला नाही, म्हणून आम्ही चौघं भर जानेवारीत होडी घेऊन निघालो. गिडियन हॅलक्रोला परत आणायचं होतं. जिवंत सापडला तर जिवंत, नाहीतर पुरण्यापुरता. त्याच्या मुलीला, सिन्नीला, बाप गावच्या मातीत हवा होता. मला मात्र तो जिवंतच हवा होता. मला त्याला एक प्रश्न विचारायचा होता आणि तो गेली तीस वर्षं माझ्या घशात अडकला होता.

गिडियन म्हणजे आमच्या स्टेनवो गावातला एकुलता एक पदकवाला. रशियाशी लढाई झाली तेव्हा तो राणीच्या आरमारात होता. तोफांचा मारा चालू असताना त्यानं जहाजावरून उडी टाकली आणि बुडणारे तीन खलाशी एकेक करून वर काढले. राणीनं स्वतःच्या हातानं त्याच्या छातीवर पदक लावलं. दुसऱ्या गावानं असल्या माणसाची मिरवणूक काढली असती. आमच्या गावात तो उतरला तेव्हा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हळूच तीन बोटं मिटली.

कारण आमच्या किनाऱ्यावरची समजूत वेगळी. समुद्राचा वाटा ठरलेला असतो. पाण्यात पडलेला माणूस समुद्राचा झाला. त्याला हात द्यायचा नाही, इतकंच काय, त्याचं नावही घ्यायचं नाही. नाव घेतलं म्हणजे हक्क सांगितला, आणि हक्क सांगितला की समुद्र बदल्यात दुसरा माणूस मागतो. गिडियननं तर तीन नेले होते!

पुढच्याच वर्षी जूनमध्ये माझ्या वडिलांची होडी खाडीच्या तोंडाशी उलटली. किनाऱ्यापासून फार तर दोनशे हात. वाळूवर माणसं उभी होती, त्यांत गिडियनही होता. माझे वडील उलट्या होडीला धरून बराच वेळ तरंगत होते, आणि कुणीही गेलं नाही. बाकीच्यांकडून आईची अपेक्षाच नव्हती. पण ज्यानं परक्या तिघांसाठी तोफांखाली उडी मारली, त्यानं शेजाऱ्यासाठी पाय ओले केले नाहीत, हे तिच्या काळजात रुतून बसलं. त्या दिवसापासून गिडियन समोरून आला की ती पाठ फिरवून उभी राहायची. शिवी नाही, शाप नाही. फक्त पाठ. तिचं बघून गावानंही तेच सुरू केलं, ज्यांनी स्वतः हात दिला नव्हता त्यांनीसुद्धा. पाच वर्षांनी बायको वारल्यावर गिडियननं लहानग्या सिन्नीला बहिणीकडे ठेवलं आणि तो अकरा मैलांवरच्या हास्केरवर मेंढ्या राखायला गेला. तो कधी परतलाच नाही. दर रविवारी प्रार्थनेच्या वेळी तो बेटाच्या माथ्यावर आग करायचा. धूर दिसला की गाव समजायचं, म्हातारा आहे.

वडिलांचं प्रेत मिळालं नाही. चर्चच्या आवारात आजोबांच्या शेजारची जागा आईनं त्यांच्यासाठी राखून ठेवली. समुद्र कधीतरी काहीतरी परत देईल, या आशेवर ती तीस वर्षं तिथलं गवत उपटत आली.

सिन्नी दारोदार फिरली, पण जानेवारीत हास्केरला जायला कोण तयार होणार? पहिला होकार आला तो हक्की इस्बिस्टरचा, आणि सगळे चाट पडले. हक्की अडुसष्ट वर्षांचा, गावातला सर्वांत जाणता तांडेल, आणि जुन्या रीतींच्या बाबतीत सर्वांत कडक. दुसरा यार्म, कारण तो नऊ वर्षं सिन्नीला मागणी घालत होता आणि नऊ वर्षं नकार ऐकत होता. तिसरा मी, रास्मी माउट. मी येतो म्हटल्यावर सिन्नीनं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि तिथं गेल्यावर वडिलांना घालूनपाडून बोलू नकोस, एवढंच बजावलं. मी कबूलही केलं नाही आणि नाकारलंही नाही.

उजाडताच निघालो. आमच्याकडे थंडीत दिवस असतो जेमतेम सहा तासांचा, तोही राखेच्या रंगाचा. होडी चार वल्ह्यांची होती. सिन्नी, यार्म आणि मी वल्ह्यांवर, हक्की सुकाणूवर. होडीत पाय ठेवला की जमिनीवरचे काही शब्द बंद करायचे, ही आमची आणखी एक रीत. पाद्रीला ‘उभा’ म्हणायचं, मांजराला ‘नखवाली’, चर्चला ‘घंटाघर’. समुद्राला जमिनीवरच्या गोष्टींची आठवण करून द्यायची नाही.

“सिन्नी, उभ्यानं आपलं लग्न लावायच्या आधी मी खपलो,” यार्म म्हणाला, “तर तुझी नऊ वर्षांची मेहनत पाण्यात.”

“वल्हं मार. होडी तोंडानं चालत नाही.”

“बघा हक्कीकाका, आत्तापासूनच बायकोसारखी बोलते.”

हक्की हसला नाही. त्यानं यार्मला पाण्यावर लग्नाच्या गोष्टी काढू नकोस म्हणून दटावलं आणि पुन्हा पश्चिमेकडे पाहू लागला. तिकडे आभाळाच्या खालच्या कडेला पिवळट पट्टा होता. मला तो आवडला नाही. हक्कीलाही आवडला नसणार, पण त्यानं होडी वळवली नाही, आणि हे त्याच्या स्वभावात बसणारं नव्हतं.

हास्केरला वाळू नाही. काळा कडा सरळ पाण्यात उतरतो आणि एकाच ठिकाणी दगडाची अरुंद पायरी आहे. लाट येते तेव्हा पायरी पाण्याखाली, लाट जाते तेव्हा ती माणसाच्या डोक्याइतकी उंच! लाट माथ्यावर असतानाच उडी मारायची. आधी मारली तर पाण्यात, नंतर मारली तर खडकावर. हक्कीनं होडी पाठमोरी आत घेतली. एक लाट सोडली. दुसरी सोडली. “आता,” तो म्हणाला. सिन्नीनं उडी मारली! शेवाळावर पाय सरकला, ती गुडघ्यांवर आपटली, पण हातातला दोर सोडला नाही. मग यार्म, मग मी. होडी वर ओढताना यार्मच्या डाव्या हाताची दोन बोटं होडी आणि खडकाच्या मधे सापडली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. यार्म डावा हात काखेत दाबून उजव्यानं ओढत राहिला.

गिडियनची झोपडी अर्धी जमिनीत होती. आत अंधार आणि लोकरीचा वास होता. तो कोपऱ्यात गवतावर पडला होता आणि त्याच्या अंगाला अंग लावून एक मेंढी बसली होती. सतरा दिवसांपूर्वी तो बर्फावर घसरला आणि कमरेचं हाड मोडलं. जळणाची रास बाहेर दहा पावलांवर होती, पण ती त्याच्यासाठी अकरा मैलांवर असल्यासारखीच. दाराशी वाळत टांगलेलं मटण तो काठीनं खाली पाडून कच्चं खात होता. थंडी वाजली की मेंढीला जवळ ओढत होता. दाराच्या खुंटीवर लोकर कातरायची कात्री लटकत होती, आणि त्याच खुंटीवर, काळवंडलेल्या फितीला, राणीचं पदक.

सिन्नी त्याच्यापाशी बसली आणि त्याचे पाय चोळू लागली. तो तिच्या डोक्यावर हात ठेवून आमच्याकडे पाहत होता. त्याची नजर माझ्यावरून गेली आणि हक्कीवर थांबली.

“तू आलास होय,” तो म्हणाला.

“आलो,” हक्की म्हणाला.

त्याच संध्याकाळी वादळ आलं. पिवळ्या पट्ट्यानं दिलेला शब्द पाळला. दोन दिवस आम्ही पाच माणसं आणि एक मेंढी त्या बिळात कोंडून राहिलो. छताच्या गवताच्या पेंढ्या एकेक करून उडत होत्या. सिन्नीनं आग पेटवली, ओटच्या भाकऱ्या मऊ करून बापाला भरवल्या. त्याची मोडलेली बाजू काळी पडली होती आणि तिला वास येऊ लागला होता. त्याच्याजवळ फार दिवस नाहीत हे सगळ्यांना दिसत होतं. ते मलाही दिसत होतं आणि त्याची दया येत होती, त्यामुळे मला स्वतःचाच राग येत होता. मी इतकी वर्षं दया करायला थांबलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी विचारलं. सिन्नीकडे न बघता विचारलं.

“मी मान्सी माउटचा मुलगा. माझा बाप होडीला धरून होता तेव्हा तुम्ही किनाऱ्यावर होतात. तुम्हाला पोहता येत होतं. तुम्ही का गेला नाहीत?”

गिडियननं डोळे मिटले. मग मागून हक्कीचा आवाज आला.

“त्याला काय विचारतोस? मला विचार. त्यानं कोट काढला होता. बूट काढले होते. मी त्याला मागून पाडला आणि छातीवर बसलो. आणखी दोघांनी पाय धरले. ते दोघं आता नाहीत. मीच आहे.”

त्या दिवशी मी सात वर्षांचा होतो आणि आईनं मला घरात कोंडलं होतं. तिला कड्यावरच्या घरातून पाण्यातली होडी दिसत होती, पण खडकाच्या आड वाळूवर काय चाललंय ते दिसत नव्हतं. वाळूवरच्यांनीही ते तिला कधी सांगितलं नाही; गिडियन तिथं होता, एवढंच तिच्या कानावर आलं.

“का?” मी विचारलं.

“आधीच तीन नेले होते त्यानं. चौथा काढला असता तर समुद्रानं कुणाचं घर धरलं असतं? माझे चार मुलगे होते पाण्यावर. मला तेव्हा ते बरोबर वाटलं होतं, रास्मी. आजही धड चूक वाटत नाही, आणि झोपही लागत नाही.”

मी गिडियनकडे वळलो. “मग हे तुम्ही माझ्या आईला का सांगितलं नाहीत? ती पाठ फिरवत होती. तुम्ही गाव सोडलंत!”

गिडियननं डोळे उघडले. आवाज अगदी बारीक झाला होता.

“कारण मला खात्री नाही. हक्की माझ्यापेक्षा हलका होता. आरमारात मी याच्या दुप्पट वजनाची माणसं अंगावरून फेकली होती. त्या दिवशी मी जोर लावला, पण सगळा लावला का? मीही इथलाच, पोरा. मलाही लहानपणी तेच शिकवलं होतं. तिकडे तोफा होत्या, विचार करायला वेळ नव्हता. इथे वेळ होता. तुझ्या आईनं पाठ फिरवली, तेव्हा मला वाटलं, तिला बरोबर कळलंय.”

मला हवं ते उत्तर मिळालं होतं आणि त्याचं काय करायचं ते मला कळेना. मी बाहेर जाऊन वाऱ्यात उभा राहिलो. राग कुणावर काढावा? मरणाऱ्यावर काढवेना. हक्कीवर काढायचा, तर त्याच्याशिवाय आम्ही घरी पोचणार नव्हतो.

तिसऱ्या दिवशी वारा थोडा उतरला. हक्कीनं निघायचं ठरवलं. आणखी एक दिवस थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण गिडियन रात्रभर तापानं बडबडत होता आणि सिन्नीला त्याला जिवंत गावी न्यायचं होतं. आम्ही त्याला चामड्यात गुंडाळून दोरानं खाली सोडलं. त्याची जुनी आरमारी पेटीही सोबत घेतली. तीत त्याचे कागद होते आणि पदक. मेंढीला मागे सोडलं. ती कड्यावर येऊन आमच्याकडे बघत उभी राहिली.

हास्केर आणि गावाच्या मधे एक जागा आहे, तिला आम्ही ‘उकळी’ म्हणतो. ओहोटीचं पाणी आणि पश्चिमेचा वारा तिथं समोरासमोर भिडतात आणि समुद्र भांड्यातल्या पाण्यासारखा उकळतो. वळसा घालायला उजेड पुरला नसता. हक्कीनं होडीचं तोंड सरळ तिच्यात घातलं.

पहिल्या लाटेनं होडी उचलली. दुसरीनं आपटली. तिसरी सरळ आत आली! गुडघाभर पाणी! यार्म एका हातानं उपसत होता. सिन्नी एकटी दोन वल्ही मारत होती. “वजन टाका,” हक्की ओरडला. नांगराचा दगड गेला. भाकऱ्यांचं गाठोडं गेलं. यार्मनं पेटी उचलली आणि सिन्नीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. पेटी गेली. राणीनं दिलेलं पदक उकळीच्या तळाला गेलं आणि होडी चार बोटं वर आली. कुणी त्या दिशेला पाहिलंही नाही.

मग आडवी लाट आली. मी डोकं वर केलं तेव्हा सुकाणूवर कुणी नव्हतं.

हक्की दहा हातांवर होता. गिडियन सोडला तर आमच्यातल्या कुणालाच पोहता येत नाही, हक्कीलाही येत नव्हतं. कोटात अडकलेल्या हवेनं त्याला वर धरलं होतं. तो ओरडत नव्हता. हात हलवत नव्हता. त्यानं मुद्दाम आमच्याकडे पाठ केली होती, आम्हाला अवघड पडू नये म्हणून!

आणि आम्ही तिघं नुसते बसून राहिलो. मी खोटं सांगत नाही. माझ्या हातात वल्हं होतं, ते हलेना. आजवर ऐकलेलं सगळं माझ्या मनगटांवर येऊन बसलं होतं. त्याखाली आणखी काहीतरी होतं आणि ते जास्त वाईट होतं. हाच तो माणूस, हा माझ्या बापासाठी निघालेल्या माणसाच्या छातीवर बसला होता. मी काही केलं नाही तर मला कुणी बोल लावणार नव्हतं. रीतच होती तशी. मला फक्त गप्प बसायचं होतं.

होडीच्या तळाशी गिडियन उठायची धडपड करत होता. मोडलेल्या कमरेनं! सिन्नीनं त्याला खांद्याला धरून खाली दाबलं होतं. तिला ते कळतही नव्हतं.

“सोड मला,” तो म्हणाला. “नाहीतर त्याचं नाव घ्या. कुणीतरी घ्या.”

सिन्नीनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि ते चटका बसल्यासारखे मागे घेतले. त्या क्षणी माझ्या तोंडून निघालं.

“हक्की!”

त्यानं वळून पाहिलं. असा चेहरा मी पूर्वी कुणाचा पाहिला नव्हता. त्याला राग आला होता, की आम्ही हे काय केलं; आणि जगायचंही होतं. मी पुन्हा नाव घेतलं, यार्मनंही घेतलं, मग सिन्नीनं. त्याचा हात पाण्याबाहेर आला. मी वल्हं पुढे केलं. निसटलं! पुन्हा केलं. बोटं टेकली, घट्ट झाली. यार्मनं मोडक्या बोटांनी त्याची कॉलर धरली आणि ओरडत ओरडत त्याला आत ओढला. सिन्नी सुकाणूवर झेपावली. तिनं होडी सरळ केली आणि लाट आमच्या बाजूनं निघून गेली.

उकळी संपल्यावर गिडियननं मला जवळ बोलावलं.

“आला वर?”

“आला.”

“थरथरतोय का?”

“दातावर दात आपटतायत.”

“मग जगेल,” तो म्हणाला. ते त्याचे शेवटचे शब्द. खाडीचं तोंड दिसायच्या आधी कधीतरी तो गेला. हक्की त्याच्याशेजारीच ओलाचिंब पडला होता. त्यानं गिडियनचे डोळे मिटले आणि गावात पोचेपर्यंत हात तिथून काढला नाही.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. हक्की छातीवर बसला होता ते सांगितलं, आणि गिडियनला स्वतःची खात्री नव्हती तेही सांगितलं. मग तिनं शाल घेतली, सिन्नीच्या दारात गेली आणि म्हणाली, “मान्सीची जागा रिकामीच आहे. बापाला तिथं ठेव.”

गोठलेली जमीन कुदळीला दाद देत नव्हती. खड्डा हक्कीनं खणला, एकट्यानं. कुणाला हात लावू दिला नाही.

गावात लगेच बोलणं सुरू झालं, की समुद्रानं हक्कीच्या बदल्यात राणीचं पदक घेतलं, म्हणून तो सुटला. तसं म्हटलं की सगळं पुन्हा जागेवर बसत होतं. सिन्नीनं कुणाशी वाद घातला नाही. होड्या ओढून ठेवतो तिथं एका खांबावर तिनं लांब दोर गुंडाळून ठेवला, टोकाला बुचाचा ओंडका बांधून, पाण्यात पडलेल्याकडे फेकायला. दर वसंतात ती आणि यार्म तो बदलतात. हो, यार्मला दहाव्या वर्षी होकार मिळाला. दोर अजून कुणी वापरलेला नाही, पण काढूनही टाकलेला नाही. आमच्या पदकवाल्याचं गावात उरलेलं तेवढंच.

हक्की अजून आहे. रोज आमच्या दारावरून जातो. आई त्याच्याकडे पाठ फिरवत नाही. हातातलं काम टाकून ती उंबऱ्यात उभी राहते आणि तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहते. परवा तो मला म्हणाला, “रास्मी, तुझ्या आईला सांगशील का? पाठ फिरव म्हणावं.”

मी अजून तिला सांगितलेलं नाही.